पालखीचा पहिला खांदा

सन दोन हजार पंचवीस. मला तेव्हा त्र्याहत्तरावं चालू होतं. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढे बापाने चिऱ्याच्या खाणीत घातलं, तो साठी उलटेपर्यंत तिथेच होतो. त्यामुळे माझे ऱ्हस्व-दीर्घ कुणी तपासू नयेत. मुलगा म्हणाला होता, बाबा, तुम्ही नुसतं बोला, फोन आपोआप लिहून घेतो. मी म्हटलं, नको. माझं मी लिहीन.

गोष्ट एका खांद्याची आहे, म्हणून आधी तो खांदा म्हणजे काय ते सांगतो. आमचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या अंगाला. शिमग्यात गावदेवीची पालखी देवळातून निघते, सहाणेवर म्हणजे गावाच्या मधल्या दगडी कट्ट्यावर बसते आणि मग घरोघर फिरते. आमच्याकडे पालखी नुसती नेत नाहीत, नाचवतात. पुढच्या दांड्याला एक गडी, मागच्या दांड्याला एक, आणि ढोल सुरू झाला की ती दोघांच्या मध्ये पाण्यावरच्या होडीसारखी डुलायला लागते. थोड्या थोड्या वेळाने गडी बदलतात. पण देवळाच्या उंबऱ्याच्या आतून तिला उचलून बाहेर आणायचं, तो पुढचा दांडा आमच्या घराचा. त्याला पहिला खांदा म्हणतात. कधीपासून आमच्याकडे आहे ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. आजाने दिला, बापाने दिला, बाप गेल्यावर मी दिला. आमची जमीन नावापुरती. घर चिऱ्याचं, तेही मीच बांधलेलं. मान म्हणावा असा हा एकच.

मागल्या शिमग्याला मी दांडा घेतला, देवळाच्या पायऱ्या उतरलो आणि उजवा हात मेल्यासारखा झाला. खाणीत चिरे वाहून वाहून तो खांदा आतून झिजला आहे. डॉक्टरने फोटो काढून भिंतीवरच्या दिव्यापुढे धरला होता, मी बघितला नाही. कुणीतरी खालून दांडा झेलला म्हणून पालखी भुईला लागली नाही. त्या दिवशी मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर गावकी बसली. गावाच्या वतीने देवीपुढे बोलणारा तो आमचा गावकर. तो माझा चुलतभाऊच, माझ्याहून थोडा लहान. तो म्हणाला, "दादा, वाडीत खांदे किती उरले ते तुला ठाव हाय. मुंबईवाले दोन दिवस येतात, त्यातले निम्मे गाडीतनं उतरत नाय. खाडीवरचा रिसॉर्टवाला म्हणतोय, त्याच्याकडे शिमगा बघायला पाव्हणे येतात. धडधाकट, जिममधले. आंघोळ करून, अनवाणी येतील म्हणतो. त्यांना हौस हाय."

"हौशी माणसांच्या खांद्यावर देवी बसवणार?"

"मग कुणाच्या बसवू? तुझ्या?"

सगळे हसले. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "पहिला खांदा माझ्या मुलाचा. तो येईल."

"तिकडनं? आयर्लंडातनं?"

"विमानं उडायची थांबली नायत अजून."

गावकर म्हणाला, "महाशिवरात्रीपर्यंत कळव. नाय आला तर तुझ्या तोंडानं मोकळा कर. मोकळा केलेला खांदा घरात परत येत नाय, ते तुला सांगायला नको."

मला ते सांगायला नको होतंच. जानेवारीत मी मुलाकडे निघालो. विमानात शेजारच्या बाईने विचारलं, नातवंडांना भेटायला का? मी हो म्हटलं.

मुलगा आयर्लंडात लिक्सलिप नावाच्या गावात असतो. चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सूनबाई गाडी घेऊन शहराच्या सँट्री भागातल्या ऑफिसात जाते, कधी घरूनच काम करते. नात बारा वर्षांची. तिला आपली मराठी सगळी कळते, पण उत्तर इंग्रजीत देते, तेही इथला हेल काढून. कपाटाला प्रेस म्हणते. आजोबा, कप्स आर इन द प्रेस. मी पहिले दोन दिवस इस्त्रीपाशी कप शोधत होतो.

फिरवून बोलायची मला सवय नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना मुलाला म्हटलं, "शिमग्याला गावी यायचंय. पहिला खांदा तुझा."

तो पोळी मोडता मोडता थांबला. "मार्चमध्ये?"

"शिमगा श्रावणात यायला लागला की सांगतो."

"बघू बाबा."

"काय बघायचंय?"

"सुट्टी बघावी लागेल. ग्रँड आहे, बघू आपण."

इथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात. पाऊस थांबला तर ग्रँड, नाही थांबला तरी ग्रँड. मी तो होकार समजलो. गावकराला फोन करून सांगितलंही की पोरगा सुट्टी बघतोय. सूनबाई ताट घेऊन उठली आणि नळ मोठा सोडून भांडी विसळत राहिली. त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

मग महिना गेला तो खिडकीत. मुलगा बारा तासांची पाळी करून यायचा, जेवायचा, झोपायचा. सुट्टीच्या दिवशी नातीला खेळायला नेऊन सोडायचा. समोर एकसारखी घरं, एकसारखी दारं, आणि पाऊस असा की पडतोय की नाही ते हात बाहेर काढून बघावं लागतं. मी दर दोन दिवसांनी विचारायचो, "सुट्टीचं काय?" तो म्हणायचा, "बोलतो मॅनेजरशी." एकदा म्हणाला, "मॅनेजर आजारी आहे." मी म्हटलं, "तुमचा मॅनेजर फार नाजूक दिसतो."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सोमवारी इथे सुट्टी असते, त्यांच्या एका संतिणीच्या नावाची. नातीने शाळेत लव्हाळ्याचा क्रूस विणून आणला होता, तो सूनबाईने दाराच्या वर लावला. मुलगा म्हणाला, चला बाबा, तुम्हाला खेडेगाव दाखवतो. गाडीने दीड-दोन तास गेलो. एका माळावर त्या संतिणीची विहीर. विहीर म्हणजे काय, दगडांनी बांधलेला झरा, वर एक काटेरी झाड आणि झाडाला चिंध्याच चिंध्या. नवसाच्या. आमच्याकडे वेताळाच्या झाडाला बांधतात तशाच. मी जवळ जाऊन एक चिंधी हातात घेऊन बघितली. कुणाच्या तरी लहान पोराचा मोजा होता.

एक म्हातारा आणि एक म्हातारी विहिरीभोवती फेऱ्या घालत होती. ओठ हलत होते. दोघंच. आणि एक मोठी बस येऊन उभी होती, तिच्यातली माणसं फोन वर धरून त्या दोघांचे फोटो काढत होती. म्हातारा फेरी घालता घालता प्रत्येक वेळी त्या माणसांपाशी आला की मान खाली घालायचा. पूर्वी म्हणे सगळा मुलूख लोटायचा, पाटीवर लिहिलं होतं. मुलाने वाचून दाखवलं.

नात म्हणाली, पण इंग्रजीत, की मग ते या बसमधल्या लोकांनाच फेऱ्या घालायला का सांगत नाहीत?

सूनबाई पटकन म्हणाली, "जपानमध्ये तेच करतात ना. आपण जाणार तिथे तर." आणि गप्प झाली.

मी मुलाकडे बघितलं. तो विहिरीकडे बघत होता.

"जपानला कोण जाणार?"

"गाडीत बोलू बाबा. थंडी आहे."

गाडीत बसलो. चालू केली नाही त्याने. काचांवर आमचाच वाफारा धरला. मग त्याने फोन माझ्या हातात दिला. फोटोत डोंगराच्या कुशीतलं गाव, उतरत्या छपरांची घरं, अंगावर तोकडे निळे अंगरखे घातलेली माणसं आणि त्यांच्या खांद्यावर देव. लाकडाचा देव्हारा, सोन्याचा मुलामा, खाली जाड दांडे. पालखीच. फक्त डुलत नव्हती, उसळत होती.

"याला ते मिकोशी म्हणतात," तो म्हणाला. "गावातली सगळी तरुण माणसं शहरात गेली. म्हातारे उरलेत. देव उचलायला खांदे नाहीत, म्हणून ते बाहेरच्या प्रवाशांना बोलावतात. आपण एका शेतकऱ्याच्या घरी राहायचं, त्यांच्याबरोबर जेवायचं, ते अंगरखा देतात, आणि दुसऱ्या दिवशी खांदा द्यायचा. गेल्या सप्टेंबरातच ठरलं होतं बाबा. तुम्ही यायच्या आधी."

"कधी आहे?"

"मार्चच्या मधल्या आठवड्यात."

शिमग्याचीच तारीख. मी फोन परत दिला.

"म्हणजे सुट्टी हाय तुला."

"आहे. एवढीच आहे."

"आणि महिनाभर मॅनेजरला आजारी पाडलास."

सूनबाई मागून म्हणाली, "बाबा, माझीच इच्छा होती. लग्नाला पंधरा वर्षं झाली, आम्ही तिघं कुठे म्हणून गेलो नाही. प्रत्येक सुट्टी गावी नाहीतर माझ्या माहेरी पुण्याला."

तिचं चुकलं असं मी म्हणालो नाही. आजही म्हणत नाही. मी मुलालाच म्हटलं, "तुझ्या गावात खांदे नायत, तिकडे तू जात नायस. दुसऱ्याच्या गावात खांदे नायत, तिकडे तू पैसे भरून जातोस."

तो बाहीने काच पुसायला लागला. मग म्हणाला, "तिथे चुकलो तर पाहुणा म्हणून हसतील. गावात चुकलो तर तुमचा मुलगा म्हणून हसतील. मी दहावीपासून हॉस्टेलला. मला कुठे येतं ते? पहिला खांदा म्हणे. सगळा गाव माझ्या पायांकडे बघत उभा राहणार."

"हसले तर हसू दे. हसायला तरी माणसं कुठे राहिलीत?"

नातीने कानात गाणी ऐकायची दोन बोंडं घातली. गाडी चालू झाली.

त्यानंतर घरात सगळे माझ्याशी फार चांगले वागायला लागले. ते मला सोसत नाही. सूनबाईने एकदा घावने केले, नारळाचं दूध घालून. म्हणाली, "बाबा, तुम्हीही चला ना आमच्याबरोबर. तुमचा व्हिसा बघतो." मी म्हटलं, "शिमग्यात माझी देवी दारात येणार आणि मी दुसऱ्याच्या देवाची मिरवणूक बघायला गेलेला. घावने चांगले झालेत." ती हसली आणि आत गेली.

पण मी हरलो नव्हतो. मनात ठरवलं होतं की मुलगा नाही तर मीच. माझं परतीचं तिकीट शिमग्याच्या आधीचं होतंच. उंबऱ्यापासून पायऱ्यांपर्यंतच तर न्यायची असते, पुढे कुणीही घेईल. न्हाणीघरात दार लावून मी रोज दाराच्या चौकटीला उजवा हात वर सरकवायचो. आज कानापर्यंत, उद्या कानाच्या वर. एक दिवस तो चौकटीच्या कोपऱ्याला लागला. गावकराचा फोन आला तेव्हा मी त्याला तेच सांगितलं.

"तू?" तो म्हणाला. "मागल्या वर्षी देवीला वाचवली आम्ही तुझ्यापासनं."

"यंदा बघ."

"म्हाताऱ्या, तू हट्टानं मरशील आणि मला सुतकात पालखी बांधायला लावशील."

"तुझी तेवढी हौस तरी भागेल."

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मुलाला सुट्टी होती. मी चहा पीत होतो. तो समोर येऊन बसला, उठला, परत बसला. मग म्हणाला, "बाबा, एक विचारू? रागावू नका. त्या जपानच्या लोकांना मी कळवलं होतं की आमच्या घरात पिढ्यांपासून पालखी उचलतात. त्यांना फार आनंद झाला. त्यांनी मला पुढच्या रांगेत घेतलंय."

मी कप खाली ठेवला.

"आणि मला पाऊल टाकता येत नाही," तो म्हणाला. "तुम्ही शिकवाल?"

माझ्या ओठांवर जे आलं होतं ते मी बोललो असतो तर त्या घरात पुन्हा पाऊल ठेवता आलं नसतं. पण त्याच वेळी मला जपानच्या त्या गावातला म्हातारा दिसला. तिथेही एखादा असणारच. त्याच्याही घराचा दांडा असणार, त्याचाही मुलगा कुठल्यातरी शहरात असणार. गावकीत तोही ओरडला असणार की बाहेरची माणसं नकोत. आता तो आपल्या दारात बसून येणाऱ्या पाहुण्यांच्या पायांकडे बघणार. माझ्या मुलाच्या पायांकडे.

"शिडी हाय का घरात?" मी विचारलं.

घराच्या मागच्या फरसबंद चौकात आम्ही ॲल्युमिनियमची शिडी आडवी घातली. मधल्या पायऱ्यांवर शेगडीत जाळायच्या पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, विटांचे गठ्ठे दोरीने बांधले. ती पालखी. सूनबाई त्या दिवशी घरून काम करत होती, ती कानातलं यंत्र काढून बाहेर आली आणि म्हणाली, मागचा दांडा मी घेते. आमच्याकडे बायका दांडा घेत नाहीत. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, शिडी आहे ही." मग मी काय बोलणार.

मी तोंडाने ढोल धरला. "वाकून उचलू नको. गुडघ्यात बस. दांडा तुझ्याकडं यायला पायजे, तू दांड्याकडं जायचं नाय. आता ऊठ. मान सरळ. कंबर हलवायची नाय, गुडघे सैल. डावा पाय पुढं, उजवा त्याच्या मागं नुसता टेकव. परत डावा. ढोल ऐक, माझ्याकडं बघू नको."

शेजारचा म्हातारा भिंतीवरून डोकावला. तो रोज डोकावतो. मुलाला काहीतरी म्हणाला. मुलगा हसत मला म्हणाला, "विचारतायत, घरमालक बाहेर गेलेत वाटतं, शिडी पळवताय का?"

"त्याला सांग, मागच्या दांड्याला माणूस कमी हाय, उडी मारून ये."

पहिल्या दोन खेपा तो वेंधळ्यासारखा चालला. तिसऱ्या खेपेला त्याच्या पायात काहीतरी बसलं. डावा पुढे, उजवा टेकून, आणि खांदा स्थिर, आणि शिडी झुलायला लागली. मी ढोल वाढवला. तो वळला तेव्हा आतल्या पायावर वळला. ते मी सांगितलंच नव्हतं. माझा बाप तसा वळायचा. मला ते जन्मभर जमलं नाही, मी बाहेरच्या पायावर वळतो.

मला वाटलं होतं, त्याला पाऊल टाकता येत नाही म्हणून तो गावी येत नाही. येत नसेल तर माणूस समजूत घालून घेतो. त्याला येत होतं.

"कसं आहे?" तो विचारत होता. घामाघूम झाला होता, थंडीत त्याच्या डोक्यातून वाफ निघत होती. लहानपणी खेळून आल्यावर दिसायचा तसाच दिसत होता.

"उंबऱ्यातनं बाहेर यायचं पाऊल वेगळं असतं," मी म्हटलं. "बाजूला हो."

"बाबा, नको. हात दुखेल तुमचा."

"बाजूला हो म्हटलं ना."

मी गुडघ्यात बसलो, दांडा घेतला, उठलो. उठलो तो नीट उठलो. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. चौकटीला रोज लावलेला हात जागेवर होता. तिसऱ्या पावलाला खांद्यात आतून काहीतरी सरकलं आणि हात नाहीसाच झाला. आहे ते दिसत होतं, पण माझा नव्हता. शिडी एका अंगाला गेली. मुलाने झेप घेतली आणि मला धरलं. शिडी फरशीवर आदळली, गठ्ठे फुटून विटा ओल्या फरशीभर पसरल्या. सूनबाई पडता पडता सावरली.

"लागलं का? बाबा, लागलं का?"

"शिडी धरायची होती," मी म्हटलं. "मला नाय. दांडा सुटला तर पालखी धरतात. माणूस पडला तर पडू देतात. एवढंही ठाव नाय तुला."

"मला तुम्ही दिसलात फक्त," तो म्हणाला.

शेजारचा म्हातारा खरंच भिंतीवर चढायच्या बेतात होता. मुलाने हात करून त्याला थांबवलं. मग आम्ही तिघांनी विटा गोळा केल्या. मी डाव्या हाताने.

संध्याकाळी मुलगा तेलाची वाटी गरम करून माझ्या खोलीत आला. खांद्याला तेल लावलं. त्याचे हात मऊ आहेत, दगडाचे नाहीत, ते मीच होऊ दिले नाहीत. बराच वेळ चोळत होता. मग म्हणाला, "मी तिकिटं रद्द करतो. गावी येतो."

दाराबाहेर सूनबाई उभी होती हे मला तिच्या पायांवरून कळलं.

महिनाभर मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं आणि नको झालं. काल म्हणाला असता तर मी त्याच रात्री गावभर फोन केले असते. आज तो म्हणत होता कारण बाप शिडीखाली कोलमडला.

"माझी कीव आली म्हणून येऊ नकोस," मी म्हटलं. "असला खांदा मी देवीला देणार नाय."

"कीव नाही बाबा."

"मग कालपर्यंत कुठं होतं?"

तो वाटीतलं तेल बोटाने ढवळत राहिला. तो खोटं बोलत नाही, तेवढं मी त्याला शिकवलंय. मॅनेजरचं सोडलं तर. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की येतो."

"पुढच्या वर्षी खांदा आपला नसेल. तू जा जपानला. आतल्या पायावर वळ, आज वळलास तसा. तिथं कुणी म्हातारा बघत असेल तर त्याला वाटायला नको की कुणीही आणून उभा केलाय."

त्याने वाटी उचलली. दिवा बंद करू का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठायच्या आत मी उठलो. मान मोकळा करायचा तो पारोशाने करत नाहीत. न्हाणीघरातली दोरी ओढली की पाणी तापतं, पण शॉवरची मोटार घरभर ओरडते, म्हणून गार पाण्यानेच अंग धुतलं. डोक्याला टॉवेल गुंडाळला. खाली स्वयंपाकघरात फरशीवर अनवाणी उभा राहिलो आणि गावकराला फोन लावला. तिकडे दुपार झाली होती.

"देवळात हाय का?"

"महाशिवरात्र हाय, आणखी कुठं असणार? बोल. कोण येतोय?"

"फोन देवीपुढं धर."

चालल्याचा आवाज आला, मग घंटा. "धरला," तो लांबून म्हणाला.

आमच्याकडे देवीशी जे बोलायचं ते गाऱ्हाणं घालून बोलतात. एकाने बोलायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी व्हय महाराजा म्हणायचं, म्हणजे ते सगळ्या गावाचं बोलणं होतं. मी डोळे मिटले.

"आई गावदेवी, आज तुझं लेकरू परमुलखातनं तुझ्यापुढं उभं हाय, महाराजा."

"व्हय महाराजा." गावकर एकटाच होता. त्याचा आवाज फोनमधून थोडा उशिराने यायचा.

"तुझ्या पालखीचा पहिला खांदा माझ्या आजाने दिला, बापाने दिला, मी दिला. तो आज माझ्या घराकडनं मोकळा करतो. पुढं कुणी मागायचा नाय, महाराजा."

मला वाटलं फोन तुटला. मग आलं. "व्हय महाराजा."

"जो कुणी आता तुझा दांडा घेईल, घरचा असो की परका असो, त्याचा पाय उंबऱ्यात अडू देऊ नको, महाराजा."

"व्हय महाराजा."

मग गावकराने फोन कानाला लावला. नाक ओढलं. म्हणाला, "दादा, कुणाला देतो ते तुला कळवू?"

"नको," मी म्हटलं, आणि फोन बंद केला.